आई-बाबांच्या टीव्हीला जोडलेला लिनक्स पीसी: अपडेट आपोआप, पण पहाटे

प्रश्न असा आहे: जुळे सोलापुरातल्या घरी टीव्हीला एक मिनी पीसी जोडलेला आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), कोडी (टीव्हीवर सिनेमे-गाणी लावणारा प्लेअर) आणि जेलिफिन (तेच सिनेमे घरातल्या इतर उपकरणांना पुरवणारा सर्व्हर) आहे, सिनेमे आणि गाणी यूएसबी हार्ड डिस्कवर आहेत. वापरणारे आई-बाबा, सांभाळणारा मुलगा पुण्यात नोकरीला. अपडेट आपोआप व्हावेत, सिनेमा चालू असताना मशीन रीबूट होऊ नये, आणि घरच्यांना कधीच काही दाबावं लागू नये, एवढी अपेक्षा आहे.

हे जमतं. फक्त यात तीन वेगळे निर्णय आहेत: कोणते अपडेट आपोआप घ्यायचे, ते किती वाजता घ्यायचे, आणि मशीन रीबूट केव्हा करायचं. डेबियनची तयार व्यवस्था पहिला निर्णय चांगला घेते, दुसरा तुमच्या घरासाठी चुकीचा घेते आणि तिसरा तुमच्यावर सोडून देते. म्हणून पहिल्याला फारसा हात लावायचा नाही, खरी मेहनत दुसऱ्या-तिसऱ्यावर घ्यायची.

पुढे आज्ञा आणि फाइलींची नावं नागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची.

आपोआप अपडेट करणाऱ्या पॅकेजचं नाव ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’. (एपीटी म्हणजे डेबियनचं पॅकेजं उतरवून बसवणारं साधन, आणि डीपीकेजी म्हणजे त्याच्या आतलं, पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं.) ‘सूडो एपीटी इन्स्टॉल अनअटेंडेड-अपग्रेड्स’ करा, मग ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ने तेच पॅकेज उघडून ‘येस’ म्हणा. ‘ईटीसी’मधल्या ‘एपीटी’ फोल्डरात ‘एपीटी.कॉन्फ.डी’ नावाचं फोल्डर आहे, त्यात दोन फाइली कामाच्या आहेत. ‘२०ऑटो-अपग्रेड्स’मध्ये दोनच ओळी असतात: यादी रोज ताजी करायची आणि अपग्रेड रोज चालवायचं, दोन्हींसमोर १ हवा. दुसरी फाइल ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’. तिच्यात ‘ओरिजिन्स-पॅटर्न’ या भागात लिहिलेलं असतं की कुठून आलेली पॅकेजं आपोआप घ्यायची. डेबियनवर तिथे मूळ भांडार आणि सुरक्षा भांडार आधीपासून असतात. तेवढे पुरे आहेत. बाहेरची भांडारं, म्हणजे जेलिफिनचं स्वतःचं, एखाद्या ब्राउझरचं, यांना या यादीत घालू नका. यादीत नाव नसलं की त्यांची पॅकेजं आपोआप बदलत नाहीत, आणि टीव्हीच्या मशीनवर तेच हवं आहे.

पुष्कळ जण इथे कोडी, ग्राफिक्सचे ड्रायव्हर, कर्नल (लिनक्सचा गाभा) असं सगळं ‘पॅकेज-ब्लॅकलिस्ट’मध्ये, म्हणजे आपोआप न घ्यायच्या पॅकेजांच्या यादीत, टाकून मोकळे होतात. डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर याची गरज नसते. डेबियन १२ मध्ये कोडी २० आहे आणि १२ चालू असेपर्यंत ते २० च राहतं; मधेच २१ येऊन सगळी मांडणी बदलली असं होत नाही. व्हिडिओ उलगडणाऱ्या एफएफएमपेगच्या लायब्ररींना तर सुरक्षा दुरुस्त्या येतातच, कारण व्हिडिओ फाइल उघडणारा कोड हाच हल्ल्याचा नेहमीचा रस्ता असतो. त्या अडवू नका. कर्नलही येऊ द्या: नवा बसला तरी मागचा जागेवर राहतो आणि मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रब या मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून त्यावर परत जाता येतं.

अपवाद एनव्हिडियाच्या कार्डाचा. ड्रायव्हरच्या लायब्ररी बदलल्या पण कर्नलमध्ये जुनंच मोड्यूल चढलेलं असलं, तर रीबूट होईपर्यंत हार्डवेअर डिकोडिंग बंद पडतं आणि ‘ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ अशी तक्रार येते. असं कार्ड असेल तर ‘एनव्हिडिया’, ‘लिबएनव्हिडिया’ आणि ड्रायव्हरची बाकीची पॅकेजंही (उदाहरणार्थ ‘लिबकुडा’, ‘लिबएनव्हीक्युव्हिड’) ब्लॅकलिस्टमध्ये घाला. इथली जुळवणी नावाच्या सुरुवातीपासून होते, हे लक्षात असू द्या. मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच घ्या: नुसतं ‘मेसा’ लिहिलं तर ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’ अडतं, पण ‘लिबजीएल१-मेसा-डीआरआय’ सुटतं, आणि अर्धी जुनी अर्धी नवी अशी मेसा बसली की चित्र बिघडण्याचा धोका असतो. एखादा संच अडवायचा तर पूर्ण अडवा, नाहीतर हात लावू नका. इंटेलच्या साध्या मिनी पीसीवर काहीही अडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याच फाइलीत आणखी तीन-चार ओळी पाहून ठेवा. ‘रिमूव्ह-अनयूज्ड-कर्नल-पॅकेजेस’ चालू हवं. नाहीतर वर्ष-दीड वर्षात ‘बूट’ विभाजन भरतं आणि नवा कर्नल अर्धवट बसतो. ‘मिनिमलस्टेप्स’ आणि ‘ऑटोफिक्सइंटरप्टेडडीपीकेजी’ मुळातच चालू असतात, तशाच राहू द्या. वीज जाण्याच्या प्रश्नाशी दोन्हींचा संबंध आहे, तो पुढे येईल. ‘इन्स्टॉलऑनशटडाउन’ मात्र कधीच चालू करू नका. बंद करताना पडदा काळा होतो, आत अपडेट चालू असतं, आणि घरातलं माणूस ‘झालं बंद’ समजून भिंतीवरचं बटण खाली करतं. डीपीकेजी अर्ध्यात तुटण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

आता वेळेकडे. डेबियनमध्ये हे काम सिस्टमडीचे (मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) दोन टायमर करतात. ‘एपीटी-डेली’ पॅकेजं उतरवतो. तो सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला लागतो, पण त्याला १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर जोडलेला असतो. ‘एपीटी-डेली-अपग्रेड’ पॅकेजं बसवतो. तो सकाळी ६ ला, तासाभरापर्यंतच्या उशिराने. दोन्हींवर ‘पर्सिस्टंट=ट्रू’ असतं: मशीन त्या वेळी बंद असेल तर सुरू झाल्यावर राहिलेलं काम उरकून घे.

सर्व्हरसाठी हे उत्तम आहे. टीव्हीच्या मशीनसाठी याचा अर्थ असा की बाबांनी रात्री नऊला मशीन सुरू केलं की सकाळचं राहिलेलं काम पुढच्या तासाभरात कधीतरी सुरू होणार, नेमकं सिनेमा लावल्यावर. डिस्क गुंतते, इनिटरामएफएस (बूट होताना लागणारी छोटी फाइलसिस्टम) बांधताना प्रोसेसर पूर्ण वापरला जातो, चित्र अडखळतं. ‘लिनक्स स्लो झालंय’ अशी तक्रार घरून येते, तेव्हा कारण बहुतेकदा हेच निघतं.

दोन्ही टायमर बदला. ‘सूडो सिस्टमसीटीएल एडिट एपीटी-डेली.टायमर’ केल्यावर ‘#’ने सुरू होणाऱ्या टीपांची फाइल उघडते. वरच्या टीपांच्या मधल्या रिकाम्या जागेत ‘टायमर’ हे शीर्षक चौकटी कंसात, आणि खाली चार ओळी: आधी ‘ऑनकॅलेंडर=’ रिकामी, मग ‘ऑनकॅलेंडर=०३:३०’, मग ‘रँडमाइज्डडिलेसेक=१०एम’, शेवटी ‘पर्सिस्टंट=फॉल्स’. अर्थात अंक इंग्रजीच टाइप करायचे. ‘एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर’लाही तसंच, वेळ ०४:१५. पहिली रिकामी ओळ गाळली तर जुन्या वेळा तशाच राहतात आणि नवी त्यात फक्त भर पडते. उशिराची ओळ गाळली तर साडेतीनचं काम दुपारी साडेतीनपर्यंत कधीही होऊ शकतं. या दोन चुका इतक्या वेळा दिसतात की बदल केल्यावर ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ चालवून पुढची वेळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठू नये.

त्याच वेळी ‘टाइमडेटसीटीएल’ही पाहा. टाइमझोन ‘आशिया/कोलकाता’ नसून यूटीसी असेल, तर तुमचे ०४:१५ सोलापुरात सकाळी पावणेदहाला वाजतील.

पहाटेच का, याला अपडेटपलीकडेही कारण आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि मिनी पीसी बहुतेक घरांत टीव्हीखालच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असतो. कर्नल अपडेटमध्ये प्रोसेसरवर काही मिनिटं पूर्ण भार येतो. ड्रायव्हर डीकेएमएसने, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी मशीनवरच, बांधला जात असेल तर आणखी जास्त. तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि काम लांबतं. पहाटे चार-पाचला दिवसाच्या मानाने बराच गारवा असतो. सहाच्या सुमाराला घरात भक्तिगीतं लागतात, त्याआधी रीबूटसकट सगळं आटोपायला साडेपाचची मर्यादा धरा. जेलिफिनची रात्रीची कामं, म्हणजे लायब्ररी स्कॅन किंवा प्रकरणांची चित्रं काढणं, डॅशबोर्डच्या ‘शेड्यूल्ड टास्क’मध्ये दिसतात. ती याच तासावर येत नाहीत ना, ते बघून घ्या.

यासाठी मशीन पहाटे चालू पाहिजे, आणि इथे तांत्रिक अडचणीपेक्षा सवयीची अडचण मोठी आहे. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्या घरांतली रीत आहे. बायोसमधला अलार्म किंवा ‘आरटीसीवेक’ मशीनला झोपेतून उठवू शकतो, पण त्यासाठी प्लगपर्यंत वीज यावी लागते. मशीनमधलं घड्याळ तेवढं छोट्या सेलवर चालत राहतं, मशीन उठत नाही. म्हणून मिनी पीसीचा प्लग टीव्हीच्या बोर्डवरून काढून अशा ठिकाणी लावा जिथे रात्री कुणाचा हात जात नाही. फ्रिजच्या किंवा राउटरच्या बोर्डवर जागा असेल तर फारच छान. वीजबिलाचा प्रश्न आला तर हिशोब सोपा आहे: रिकामं बसलेलं मशीन १० वॅट घेतं असं धरलं, तर महिन्याला सुमारे ७ युनिट. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हा पर्याय ‘पॉवर ऑन’वर ठेवा, म्हणजे वीज येताच मशीन आपलं आपण उठतं.

तिसरा निर्णय रीबूटचा. ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’मध्ये ‘ऑटोमॅटिक-रीबूट’ आहे, त्याच्या खाली ‘ऑटोमॅटिक-रीबूट-विथयूझर्स’ आहे, आणि दोन्ही सोयी या घरात कामाच्या नाहीत. कारण कोडी चालवणारा वापरकर्ता ऑटो-लॉगिनने कायम आत असतो. दुसरा पर्याय ‘फॉल्स’ ठेवला तर ‘कुणीतरी लॉगिन आहे’ म्हणून मशीन महिनोन्‌महिने रीबूट होत नाही आणि जुनाच कर्नल चालत राहतो. ‘ट्रू’ ठेवला तर सिनेमा चालू असो की भजन, रीबूट होतं. टीव्हीसमोर माणूस आहे का, हे या व्यवस्थेला कळत नाही. ते आपण कळवायचं.

‘ऑटोमॅटिक-रीबूट’ बंदच ठेवा. छोटी स्क्रिप्ट लिहा, ती ०५:०० च्या वेगळ्या टायमरने रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून चालवा, त्यावरही ‘पर्सिस्टंट=फॉल्स’. स्क्रिप्टला दोनच गोष्टी तपासायच्या आहेत.

पहिली, रीबूटची गरज आहे का. कर्नल बदलला की ‘व्हार’मधल्या ‘रन’ फोल्डरात ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तयार होते. ती नसेल तर तिथेच थांबायचं. हे फोल्डर मेमरीत असतं, रीबूटनंतर फाइल आपोआप नाहीशी होते, त्यामुळे मशीन पुन्हापुन्हा रीबूट होत राहण्याची भीती नाही.

दुसरी, आवाज चालू आहे का. लिनक्सचा कर्नल प्रत्येक आवाज-वाहिनीची स्थिती ‘प्रॉक’मधल्या ‘असाउंड’ फोल्डरात दाखवतो: कार्डाच्या फोल्डरात पीसीएम, त्यात सब, त्यात ‘स्टेटस’ फाइल. शेवटी ‘पी’ असलेले पीसीएम हे वाजवणारे, ‘सी’ असलेले रेकॉर्ड करणारे; आपल्याला ‘पी’वाले हवेत. आवाज चालू असेल तर त्या फाइलीत ‘रनिंग’ दिसतं, नसेल तर ‘क्लोज्ड’. सगळ्या स्टेटस फाइलींवर ‘ग्रेप’ने ‘रनिंग’ शोधा; सापडलं की रीबूट उद्यावर. कोडी असो, ब्राउझर असो, व्हीएलसी असो, ही तपासणी सगळ्यांना लागू पडते. प्रत्येक प्लेअरसाठी वेगळी जुळणी करायला लागत नाही.

एक अडचण कोडीकडून येते. सेटिंग्ज, सिस्टम, ऑडिओमध्ये ‘कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह’ असतं, ते मुळात १ मिनिटावर असतं. सुरुवातीचा आवाज तुटतो म्हणून कुणी ते ‘ऑल्वेज’ केलं असेल, तर काहीच चालू नसतानाही ‘रनिंग’च दिसेल आणि रीबूट कधीच होणार नाही. १ मिनिटावर परत आणा.

जेलिफिनवरून कुणी दुसऱ्या खोलीत मोबाइलवर पाहत असेल तर या मशीनवर आवाज वाजत नाही, म्हणून ही तपासणी तिथे आंधळी आहे. जेलिफिनच्या डॅशबोर्डवरून एक एपीआय की घ्या आणि ८०९६ पोर्टवरचं ‘सेशन्स’ हे पान ‘कर्ल’ने वाचा, उत्तरात ‘नाउप्लेइंगआयटम’ हा शब्द असेल तर कुणीतरी पाहतंय. नुसत्या उघड्या कनेक्शनवर भरवसा ठेवू नका, कारण अ‍ॅप उघडं राहिलं तरी कनेक्शन दिसत राहतं.

स्क्रिप्ट तपासायला कर्नलची वाट पाहायला नको. ‘टच’ने ‘रीबूट-रिक्वायर्ड’ फाइल स्वतः तयार करा, गाणं लावा, स्क्रिप्ट चालवा: रीबूट होता कामा नये. गाणं थांबवा, दोन मिनिटांनी परत चालवा: व्हायला हवं. अपडेटची रंगीत तालीमही अशीच घेता येते. ‘सूडो अनअटेंडेड-अपग्रेड’ला ‘ड्राय-रन’ आणि ‘डीबग’ हे पर्याय जोडले की काय येणार, काय अडलं आणि का, हे सगळं छापून येतं, बदलत काहीच नाही.

रीबूट आपोआप झालं की आजवर झाकलेली एक चूक उघडी पडते, आणि तिच्यामुळे ‘अपडेटने मशीन मारलं’ असा उगाच आरोप होतो. यूएसबी डिस्क ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) नुसतीच लिहिलेली असली आणि एखाद्या पहाटे ती उशिरा जागी झाली, किंवा केबल सैल असली, तर सिस्टमडी ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. टीव्हीवर काळा पडदा, रूटचा पासवर्ड मागणारी ओळ, आणि नेटवर्क सुरू न झाल्याने पुण्याहून आत शिरायचा मार्गही बंद. उपाय एका ओळीचा आहे: डिस्कच्या पर्यायांत ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१५एस’ जोडा. डिस्क तिच्या यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने) लिहा, ‘एसडीबी’ अशा नावाने नको. दुसरा पेन ड्राइव्ह लावला की ती नावं बदलतात.

पण मग डिस्क नसतानाही मशीन सुरू होणार, जेलिफिन रिकामं फोल्डर पाहणार, आणि स्कॅनमध्ये नोंदी उडण्याचा धोका. म्हणून ‘सिस्टमसीटीएल एडिट जेलिफिन’ करून ‘युनिट’ विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ पुढे डिस्कचा मार्ग लिहा. डिस्क चढली तरच जेलिफिन सुरू होईल. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) असेल तर सामान दुसरीकडे हलवून ती एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टम) करून घ्या. वीज गेल्यावर एनटीएफएसवर ‘डर्टी’ खूण राहते, कर्नलचा नवा ड्रायव्हर तशी डिस्क जोडायला नकार देतो, आणि ती नीट दुरुस्त करायला विंडोजच लागतं. एक्स्ट४ जर्नलवरून स्वतः सावरतं.

विजेचंच पुढे. अपडेट चालू असताना वीज गेली तर काय होतं? बहुतेक वेळा फार काही नाही. ‘मिनिमलस्टेप्स’मुळे पॅकेजं लहान गटांत बसतात, म्हणून तुटलं तरी एखाद-दुसरं पॅकेज अर्धवट राहतं, आणि ‘ऑटोफिक्सइंटरप्टेडडीपीकेजी’ पुढच्या पहाटे ते पूर्ण करतं. हाताने करायचं तर ‘सूडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सूडो एपीटी -एफ इन्स्टॉल’. लॉक फाइल मिटवा असा सल्ला जागोजागी मिळतो, तो ऐकू नका; कुणीतरी खरंच काम करत असताना लॉक काढलं तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडते. कोण धरून बसलंय ते ‘पीएस’ने पाहा आणि थांबा.

कर्नल किंवा ग्रब लिहिला जात असताना वीज गेली तर मात्र मशीन उठणार नाही, अशी शक्यता खरी आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीन, राउटर आणि फायबरचा डबा, तिन्ही त्यावर घ्या. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो यूपीएसवर नसेल तर बदल व्हायला इतका वेळ लागतो की पंखा चालत राहतो आणि पीसी बंद पडतो. मिनी पीसीऐवजी जुना लॅपटॉप वापरत असाल तर बॅटरी हाच तुमचा यूपीएस, आणि एक सोय आयती मिळते: ‘एपीटी-डेली-अपग्रेड’च्या सर्व्हिसमध्ये ‘कंडिशनएसीपॉवर=ट्रू’ असतं. वीज गेलेली असेल तर त्या दिवशी अपडेट सुरूच होत नाही.

वीज आली, मशीन सुरू होतंय तोवर परत गेली, असंही होतं. उबुंटूवर ग्रब याला फसलेलं बूट समजतो आणि पुढच्या वेळी मेनू दाखवून ३० सेकंद थांबतो; ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘ग्रब’ फाइलीत ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५’ लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. डेबियनवर ही भानगड नाही. पण दोन्हीकडे कर्नलच्या पर्यायांत ‘एफएससीके.रिपेअर=येस’ घालावं, म्हणजे फाइलसिस्टम तपासताना प्रश्न विचारायला मशीन थांबत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कीबोर्ड लागतो, आणि आईच्या हातात रिमोट आहे.

चार-पाच वर्षांहून जुन्या मशीनवर एक गमतीशीर वाटणारा पण त्रासदायक दोष येतो: वीज गेल्यावर घड्याळ कितीतरी मागे जातं. मग एपीटी ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ म्हणून अडून बसतं आणि सुरक्षित संकेतस्थळंही उघडत नाहीत. दोष अपडेटचा नसतो, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. पुढच्या खेपेला बदलून टाका.

इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येत असेल तर एवढं करा: नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ म्हणून खूण करा. ‘स्किप-अपडेट्स-ऑन-मीटर्ड-कनेक्शन्स’ हा पर्याय मुळात चालू असतो, तो मग काम करतो. कर्नल आणि फर्मवेअर एकाच दिवशी आले की काही शे एमबी सहज जातात.

आता हाताने करायचं ते. जेलिफिन मुद्दाम आपोआपच्या बाहेर ठेवलंय, कारण त्याच्या मोठ्या आवृत्तीत डेटाबेस बदलतो आणि मागे फिरता येत नाही. १०.११ मध्ये तर लायब्ररीच्या डेटाबेसची रचनाच बदलली. पहिल्यांदा सुरू होताना स्थलांतराला बराच वेळ लागतो, आणि ‘अडकलं वाटतं’ म्हणून कुणी मधे मशीन बंद केलं की मग निस्तरणं अवघड. महिन्यातून एकदा, निवांत वेळ बघून: सर्व्हिस थांबवा, ‘व्हार’मधल्या ‘लिब’खालचं आणि ‘ईटीसी’मधलं अशी जेलिफिनची दोन्ही फोल्डरं ‘टार’ करून यूएसबी डिस्कवर ठेवा, मग अपग्रेड करा, आणि एक सिनेमा ट्रान्सकोड होतो का, म्हणजे दुसऱ्या उपकरणाला चालेल अशा स्वरूपात बदलला जातो का, ते पाहा. ‘जेलिफिन-एफएफएमपेग’ हे वेगळं पॅकेज सोबतच चढवा. हार्डवेअर ट्रान्सकोडिंग त्यानेच होतं, डेबियनच्या एफएफएमपेगने नव्हे.

कोडीत सिस्टमपेक्षा अ‍ॅड-ऑन जास्त दगा देतात. ते स्वतःच अपडेट होत राहतात, एपीटीचा त्यांच्याशी संबंध नाही. सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅड-ऑन्समध्ये ‘कळवा, पण बसवू नका’ या अर्थाचा पर्याय निवडा. फ्लॅटपॅक (प्रोग्राम बसवायची वेगळी व्यवस्था) वापरत असाल तर तेही एपीटीच्या बाहेर आहे. त्यासाठी ‘फ्लॅटपॅक अपडेट -वाय --नॉनइंटरॅक्टिव्ह’ चालवणारा टायमर ०४:४० ला लावा.

दूर बसून यावर लक्ष ठेवायचं तर मेल हवा. ‘एमएसएमटीपी-एमटीए’ आणि ‘बीएसडी-मेलएक्स’ बसवा, मेलखात्याचा वेगळा अ‍ॅप-पासवर्ड द्या, ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’मध्ये ‘मेल’समोर स्वतःचा पत्ता आणि ‘मेलरिपोर्ट’समोर ‘ऑन-चेंज’ लिहा. पण मेल आला नाही याचे दोन अर्थ होतात: बदल काही नव्हता, किंवा मशीनच मेलं. म्हणून रीबूटच्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एखाद्या देखरेख-सेवेला एक पिंग पाठवा, आणि दोन दिवस पिंग नाही आली तर तुम्हाला कळवायला त्या सेवेला सांगा. पुण्याहून मशीनमध्ये शिरायला वायरगार्ड किंवा टेलस्केल हे व्हीपीएन वापरा. घरगुती फायबरवर स्वतःचा सार्वजनिक आयपी बहुधा मिळत नाही, पोर्ट फॉरवर्डिंगच्या मागे लागू नका. काही बिघडलं तर दोन नोंदी वाचा: ‘व्हार’, ‘लॉग’, ‘एपीटी’मधली ‘हिस्टरी’, म्हणजे कोणत्या दिवशी काय बदललं ते कळेल, आणि ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ फोल्डरातली नोंद, म्हणजे काय अडलं ते कळेल. ‘कॉन्फफाइल प्रॉम्प्ट’ असं लिहिलेलं दिसलं, तर एखाद्या पॅकेजची जुळणी-फाइल तुम्ही बदललेली आहे आणि निर्णय माणसानेच घ्यायचा आहे. ते पॅकेज हाताने चढवा.

राहिली गोष्ट मोठ्या आवृत्तीची. अनअटेंडेड-अपग्रेड्स डेबियन १२ वरून १३ वर नेत नाही, आणि नेऊही नये. मात्र तुमच्या ‘सोर्सेस’ फाइलीत ‘बुकवर्म’ (डेबियन १२ चं टोपणनाव) याऐवजी ‘स्टेबल’ लिहिलेलं असेल तर आजच बदला. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, तेव्हापासून ‘स्टेबल’चा अर्थ ‘ट्रिक्सी’ झाला आहे. एपीटी ‘कोडनेम बदललं’ म्हणून यादी घेत नाही, आणि अपडेट गुपचूप बंद पडलेले असतात. ‘बुकवर्म’ लिहिलेलं असेल तर दीर्घ मुदतीच्या सुरक्षा दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळत राहतील, घाई नाही.

१३ मध्ये कोडी २१ आहे. ते पहिल्यांदा सुरू होताना जुन्या ‘मायव्हिडिओज१२१’ या डेटाबेसवरून नवा ‘मायव्हिडिओज१३१’ बनवतं आणि जुना तसाच ठेवतं. तरी आधी ‘.कोडी’ फोल्डरची प्रत घ्या. हे काम पुण्याहून एसएसएचवर करू नका. दिवाळीला किंवा जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला घरी याल तेव्हा, सकाळी, इन्व्हर्टर भरलेला असताना, कीबोर्ड जोडून करा. दोन तास हाताशी ठेवा, आणि झाल्यावर टायमरच्या वेळा, एफएसटॅब आणि रीबूटची स्क्रिप्ट, तिन्ही पुन्हा एकदा तपासूनच परतीची गाडी पकडा.